पाचवी ब आणि उमजयंत्र

माणूस स्वतःहून चहा पाजायला लागला की मी आधी कप बघते, मग माणूस. आमच्या अध्यापक विद्यालयाचे प्राचार्य बेनाडीकर सर त्या बुधवारी शिपायाला हाक न मारता स्वतःच्या हातानं थर्मासमधला चहा ओतत होते, तेव्हाच मी ओळखलं की हा चहा मला महागात पडणार.

"मांडरे मॅडम, ती प्रांजल खोराटे तुमच्या घरीच राहते ना?"

"हो. वसतिगृहात जागा नव्हती. तिची आई माझी वर्गमैत्रीण."

"पाच वेळा पाठ दिला, पाचही वेळा नापास. येत्या मंगळवारी शेवटचा. आकडे बघितलेत?" त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडं वळवला. "एक्केचाळीस, एकोणचाळीस, बेचाळीस, चाळीस, एक्केचाळीस. यात काही खटकत नाही तुम्हाला?"

खटकत होतं. वाईट शिकवणाऱ्यालाही एखादा दिवस बरा जातो, एखादा आणखी वाईट. ही पोरगी मात्र पाचही वेळा एकाच खड्ड्यात पडत होती. जो माणूस रोज सारखाच उशिरा येतो, त्याचं घड्याळ बिघडलेलं नसतं. त्यानं ती वेळ ठरवून घेतलेली असते.

"मुद्दाम करते ती," सर आवाज खाली आणून म्हणाले. "आपलं उमजयंत्राचं राज्यातलं पहिलं केंद्र. यंत्राची बदनामी व्हावी असं वाटणारे पुष्कळ आहेत. तुम्ही घरच्या घरी जरा लक्ष ठेवा. कुणाचे फोन येतात, कुणाला भेटते."

"म्हणजे हेरगिरी करू?"

"निरीक्षण म्हणा, मॅडम. विषयच आहे तुमचा."

खरं होतं ते. भावी शिक्षकांना मी 'पाठ निरीक्षण' शिकवते. मी चहा संपवला. बिस्किटंही होती, तीही खाल्ली. काम करायचंच आहे तर आलेलं का सोडा?

यंत्राबद्दल थोडं सांगायला हवं. डोळ्याची बाहुली उजेडानं लहानमोठी होते हे सगळ्यांना ठाऊक असतं. ती विचारानंही होते, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. अवघड गुणाकार घाला, माणसाची बाहुली केसभर रुंदावते. उत्तर सापडलं की पुन्हा आवळते. शोध जुनाच आहे. नवं इतकंच की आता फळ्याच्या वरच्या पट्टीत बसवलेले बारीक कॅमेरे अख्ख्या वर्गाच्या बाहुल्या एका दमात मोजत होते, खिडकीतल्या उजेडाचा फरक वजा करून. बाहुली रुंदावली म्हणजे पोराचं डोकं चालू झालं. आवळली म्हणजे गाठ सुटली. या चढ-उताराच्या एका जोडीला 'एक उमज' म्हणायचं. बाहुली रुंदावून तशीच राहिली तर पोरगं अडकलं, रुंदावलीच नाही तर झोपलं, आणि दोन्हीला शून्य. सगळ्या वर्गाच्या उमजांची सरासरी शंभरात काढली की तो शिकवणाऱ्याचा उमजांक.

यंत्र येण्याआधी तपासणीच्या दिवशी आमच्याकडं काय चालायचं ते प्रत्येक मास्तरला माहीत आहे. उत्तर येत असेल त्यानं उजवा हात वर करायचा, येत नसेल त्यानं डावा. साहेबांना हातांचं रान दिसायचं आणि गुरुजी बरोबर उजव्या हाताला उठवायचे. "बाहुलीला उजवा-डावा शिकवता येत नाही," असं बेनाडीकर सर प्रत्येक पाहुण्याला सांगत. पाहुणे हसत. मीही हसायची, पगारी माणूस हसतोच.

पहिल्या वर्षाला 'अध्यापनाची ओळख' हा विषय असतो. त्यात प्रत्येक छात्राध्यापकानं शेजारच्या सराव शाळेत एक पाठ द्यायचा. उमजांक साठच्या वर गेला की पुढं दुसऱ्या शाळेत, दुसऱ्या वर्गावर. खाली राहिला तर आठवड्यानं पुन्हा तोच विषय, त्याच मुलांसमोर. सहाव्यांदा पडला तर अभ्यासक्रमातून बाहेर, आणि अशा बाहेर गेलेल्याला राज्यातल्या कुठल्याही अध्यापक विद्यालयाचं दार पुन्हा उघडत नाही. वर्ग ठरलेला, पाचवी ब. प्रत्येक मुलाच्या बाहुलीची मूळ चाल नोंदवायला यंत्राला महिने लागतात, म्हणून एकदा नोंदवलेला वर्ग बदलत नसत. ती पोरं तिसरीपासून सरावाला जुंपलेली होती. येईल तो नवखा त्यांच्यावर हात साफ करून जायचा.

विद्यालयाच्या बोळात उच्चांक करणाऱ्याचा फोटो लावलेला आहे. हृषीकेश मांडरे, पहिल्याच पाठात चौऱ्याण्णव. माझा मुलगा. नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं, तर दुसऱ्या शाळांतल्या शिक्षकांना मार्गदर्शन करायला त्याला बोलावत होते. त्या बोळातून जाताना मी जरा सावकाश चालायची. ते फुकटचं सुख होतं आणि फुकटची वस्तू मी सहसा सोडत नाही.

त्या संध्याकाळी घरी गेले तर न्हाणीघरातली बादली झाडांनी भरलेली. भुईमुगाचं एक, कांद्याची पात, दोन हरळीचे झुपके, सगळं मुळासकट.

"हे काय गं?"

"पाठाला, मावशी. 'मुळं कशाला असतात'. मागच्या वेळी वडाच्या पारंब्या नेल्या होत्या, त्याच्या आधी रताळी. आता हरळी नेते. मुळं वर, झाड खाली असं उलटं लावून बघू म्हणतात पोरं."

"दर वेळी नवं कशाला? तोच पाठ घासूनपुसून दे की."

"एकदा समजलं नाही म्हणजे तसं सांगणं चुकलंय ना? तेच परत कसं सांगू?"

उत्तर चोख होतं. इतकं चोख की मला शंका आली. मी भाजी चिरता चिरता विचारलं, "दुपारी कुणाचा फोन होता?"

"आईचा."

"आणि काल रात्री?"

"आईचाच." मग ती थांबली. हरळीची मुळं धूत होती, हात तसेच पाण्यात. "तुम्ही माझ्यावर पाळत ठेवताय काय, मावशी?"

"आपलं विचारलं."

"सरांनी सांगितलं असणार. मी कशाला मुद्दाम नापास होऊ? मंगळवारी पडले तर संपलंच सगळं. आमच्या वाडीच्या शाळेत एक मास्तर टिकत नाही. मी तिथंच जाणार म्हणून चौथीत असल्यापासून सांगत आलीय सगळ्यांना." तिनं झाडं पुन्हा बादलीत ठेवली. "तुम्ही तरी मला विचारायचं होतं. फोन मोजत बसलात."

त्या रात्री जेवताना ती 'मीठ द्या' एवढंच बोलली.

माझ्या मनात आता दोन संशय शेजारी-शेजारी बसले. पोरगी खोटं बोलत नसेल, तर कुणीतरी दुसरं खोटं बोलत होतं. शुक्रवारी मी बाकवार आलेख मागवले. ते कुणी बघत नसे. शेवटचा आकडा मिळाल्यावर तपशील कोण वाचतो?

पहिल्या पाठात खिडकीकडच्या दोन रांगा झकास उमजलेल्या, चढ-उतार, चढ-उतार, ऐंशीच्या पुढं. दाराकडच्या दोन रांगांच्या बाहुल्या रुंदावल्या त्या रुंदावल्याच, पाठ संपेपर्यंत उतरल्याच नाहीत. शून्य. सरासरी एक्केचाळीस. दुसऱ्या पाठात नेमकं उलटं. दाराकडच्या उमजल्या, खिडकीकडच्या अडकल्या. तिसऱ्यात पुन्हा खिडकीकडच्या.

संगणकाच्या माणसाला यात 'उजेडाचा दोष' दिसला. मी मात्र आयुष्यभर शाळांमधून फिरलेली बाई. आज या रांगांनी वर्ग झाडायचा, उद्या त्या रांगांनी. पाळी ओळखायला मला यंत्र लागत नाही.

मधल्या सुट्टीत मी पाचवी बच्या वर्गात गेले. वर्गाची मॉनिटर झोया मुल्लाणी फळा पुसत होती. अंगानं काटकी, दोन वेण्या, आणि डोळे असे की भाजीवालीनं तिच्यासमोर काटा मारायला धजू नये.

"झोया, या आठवड्यात कुठल्या रांगांची पाळी?"

"झाडायची? दाराकडच्यांची, मॅडम."

"झाडायची नव्हे. खोराटे बाईंच्या तासाची."

डस्टर हवेतच थांबलं. ती वळली, माझ्याकडं बघितलं, दाराकडं बघितलं, आणि हिशेब करून बोलली. "कुणाला सांगणार तुमी?"

"ते तू काय सांगतेस त्यावर."

"असं न्हाई चालत. आधी शपथ घ्या."

मी काही शपथ घेतली नाही, पण बाकावर बसले. उभी बाई साहेब वाटते, बसलेली नुसती बाई वाटते. हळूहळू सगळं बाहेर आलं.

तिसरीत असताना यंत्र बसवायला आलेल्या माणसानं त्यांना ते कसं चालतं ते कौतुकानं समजावून सांगितलं होतं. पोरांनी ते नीट ऐकलं होतं. बाहुली गणितानं रुंदावते ना? मग सर काहीही बोलत असू देत, मनात सतरा सक घ्यायचं. उत्तर आलं की एक उमज. मग अठरा साते, आणखी एक. कंटाळा आणणारा माणूस समोर उभा असला की अख्खा वर्ग मन लावून गुणाकार करायचा.

"म्हणजे कंटाळवाण्याला तुम्ही पास करता?"

"मग? नापास झाला तर परत येतोय की तो!" झोयाला माझ्या बुद्धीची कीव आली. "परत तोच पाठ. ते मेणबत्तीवाले सर आलते तवा आमाला आयडिया नव्हती, चारदा ऐकला आमी त्यांचा पाठ. चारदा, मॅडम!"

"आणि आवडलेले?"

"त्यांना लगीच कसं जाऊ द्यायचं? पण नुसतं पडायचं म्हटलं तर आपलं ऐकायचं राहून जातंय. म्हणून मग पाळी. अर्ध्यांनी ऐकायचं. अर्ध्यांनी दुप्पट करत बसायचं. एक, दोन, चार, आठ, सोळा. ते संपतच न्हाई, मग बाहुली उतरतच न्हाई. पुढच्या बारीला अदलाबदल. खोराटे बाई दर वेळी नवीन कायतरी आणत्यात, मग कुणाचंच नुकसान न्हाई." जरा अभिमानानं तिनं पुढं जोडलं, "मी पाच लाख चोवीस हजार दोनशे अठ्ठ्याऐंशीपर्यंत जाते."

सराव शाळेचे गणिताचे निकाल जिल्ह्यात पहिले का, याचंही उत्तर मिळालं. त्याचं श्रेय बेनाडीकर सरांनी अहवालात यंत्राला दिलं होतं. तसं पाहिलं तर खोटं नव्हतं.

उठायला हवं होतं. पण संशयाचं एक असतं, एकदा गाठोडं सोडलं की तळाशी काय आहे ते बघितल्याशिवाय हात थांबत नाही. "आणि मांडरे सर? बोळात फोटो आहे ते?"

"चुंबकवाले? लई गुळगुळीत बोलायचे. मधे थांबायचेच न्हाईत. आमी वर्गातली सगळ्यात हुशार पोरं पुढच्या बाकावर बसवली त्या दिवशी, मागच्यांना गुणाकार पुरवायला." तेवढ्यात माझं आडनाव तिच्या ध्यानात आलं असावं. ती एकदम फळ्याकडं वळली. "म्हणजे... चांगले होते तसे."

चौऱ्याण्णव. इतक्या मनापासून माझ्या लेकराला कुणी घालवून दिलं नसेल.

बोळातून परत येताना मी माझा हिशेब मांडला. बेनाडीकर सरांना सांगितलं तर यंत्र गेलं, केंद्र गेलं, आणि बोळातल्या फोटोतला मुलगा सगळ्या राज्यात हसू होणार. नाही सांगितलं तर प्रांजल मंगळवारी बाहेर. तिसरा रस्ता होता आणि तो स्वस्त होता. शनिवारी शाळा सुटताना मी झोयाला पुन्हा गाठलं.

"खोराटे बाईंचा मंगळवारचा पाठ शेवटचा. सहाव्यांदा पडल्या तर त्यांना काढून टाकतात. मग त्या कधीच शिक्षिका होणार नाहीत. हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं."

झोयाचा चेहरा उतरला. "काढून? कायमचं?" तिनं वेणीचं टोक दातांत धरलं. "आणि पास झाल्या तर?"

"तर दुसऱ्या शाळेत जातील."

"म्हंजे कसंबी करून जाणारच."

"हो."

"मग पास करतो," ती म्हणाली. "सगळ्या रांगांना सांगते. ऐकताना कुणी अडकलं तर बाई जात्यात, म्हणून सगळ्यांनी गुणाकारच करायचा. पण मॅडम, मग त्या दिवशी कुणालाच ऐकायला मिळणार न्हाई."

ते माझ्या हिशेबात आलं नव्हतं. आलं असतं तरी मी तो रस्ता सोडला असता असं छातीवर हात ठेवून म्हणवत नाही.

मंगळवारी वर्गात मागच्या बाकावर मी, माझ्या शेजारी बेनाडीकर सर. त्यांच्या हातात यंत्राचा छोटा पडदा, त्यावर आकडा चढत होता. प्रांजलनं हरळीचा झुपका उंच धरला. "याला वरून कापलं तर हे मरतं का? आणि खालून कापलं तर?" एरवी यावर वर्गात कल्ला झाला असता. आज चाळीस चेहरे तिच्याकडं एकटक बघत होते, देवळातल्या मूर्तीसारखे शांत. पासष्ट. बहात्तर. एक्क्याऐंशी.

"बघा," सर माझ्या कानाशी लागले. "तुम्ही घरी दम दिलेला दिसतो. लगेच फरक."

प्रांजलला आकडा दिसत नव्हता. तिनं आणखी एक प्रश्न विचारला. झोयानं हात वर करून अगदी बरोबर उत्तर दिलं, आणि दिल्याबरोबर तिचे डोळे पुन्हा कुठंतरी निघून गेले. प्रांजलनं हरळी खाली ठेवली. ती दोन पावलं पुढं आली. पुन्हा मागं गेली. सत्त्याऐंशी.

"थांबा," ती म्हणाली. "तुम्ही कुठं आहात सगळे?"

कुणी हललं नाही.

"माझ्याकडं बघताय, पण इथं कुणी नाही. मला दिसतंय की. श्लोक, तुझे ओठ हलतायत. मनात काय चाललंय?"

श्लोक कुंभार दुसऱ्या रांगेत बसलेला. त्यानं झोयाकडं बघितलं. झोयानं डोळ्यांनी 'गप' म्हटलं. पण प्रांजल वाट बघत होती. रागानं नाही, नुसती वाट बघत होती, आणि तसं कुणी वाट बघत उभं राहिलं की मोठमोठ्यांना खोटं बोलता येत नाही, तो तर पाचवीतला.

"सत्तेचाळीस सक, बाई."

"ते कशाला?"

"तुमी पास व्हावं म्हणून." त्याला रडू फुटलं. "न्हाईतर तुमाला काढून टाकणार हायत."

मग सगळीच एकदम बोलायला लागली. पाळी, दुप्पट, गुणाकार, मेणबत्तीवाले सर, सगळं. पडद्यावरचा आकडा गडगडत खाली आला. चाळीस बाहुल्या आता खऱ्याच रुंदावल्या होत्या, भीतीनं, आणि यंत्र त्याला 'अडकले' म्हणत होतं. प्रांजलनं माझ्याकडं बघितलं. शेवटचा पाठ आहे हे मुलांना कुणी सांगितलं असेल, ते तिला विचारावं लागलं नाही.

"किती आले?" तिनं श्लोकला विचारलं.

"दोनशे ब्याऐंशी."

"बरोबर आहे. आता डोळे पूस." आणि ती खुर्चीवर बसली. पाठ संपायला वेळ होता, पण ती बसली.

कार्यालयात बेनाडीकर सरांनी पुन्हा चहा ओतला. त्यांचं डोकं तल्लख होतं.

"यंत्रात बिघाड झाला असं लिहू या. यंत्र बिघडलं की जुना नियम लागतो. दोन निरीक्षकांच्या सह्या, तुमची आणि माझी. मुलगी पास. पोरांना समज देऊ. केंद्र राहिलं, हृषीकेशचं नाव राहिलं. कुणाचं काही गेलं नाही, मॅडम."

हिशेब सुरेख होता. मी शुक्रवारी मांडला होता त्यापेक्षाही सुरेख. ज्या व्यवहारात कुणाचंच काही जात नाही असं समोरचा म्हणतो, तिथं जाणारा माणूस खोलीबाहेर बसलेला असतो, एवढं मला कळतं. मी खिडकीतून बघितलं. पाचवी बची पोरं मैदानात रांगेत बसवली होती आणि मुख्याध्यापिका त्यांना बोलत होत्या. पुढच्या आठवड्यात त्यांच्यासमोर दुसरा कुणी उभा राहणार. तो कंटाळवाणा असेल तर पास होणार. त्याच्या पुढं कुठल्या कुठल्या वाड्यांवरची पोरं असणार, आणि त्यांना तर गुणाकार करून त्याला घालवताही येणार नाही.

"हृषीकेशच्या शाळेत किती मुलं आहेत, सर?"

"त्याचा इथं काय संबंध?"

"मलाही ठाऊक नाही. मी त्याला कधी विचारलंच नाही. त्याचा आकडाच तेवढा विचारत आले."

मी अहवाल लिहिला तो जसं घडलं तसा. मुलांना मीच सांगितलं, हेही त्यात होतं. ते गाळलं असतं तर प्रांजलवर गेलं असतं. सही करताना सरांकडं बघितलं नाही. कप तसाच राहिला.

आदेश यायला महिना लागला. यंत्रावरचे सगळे उमजांक रद्द. ज्यांनी ज्यांनी त्या वर्गावर पाठ दिले होते, नोकरीत असोत वा नसोत, त्या सगळ्यांनी पुन्हा यायचं आणि तीन निरीक्षकांसमोर शिकवायचं. उत्तीर्ण न झाल्यास पुन्हा, नियम तोच. मला ताकीद मिळाली आणि निरीक्षक मंडळातून वगळलं.

प्रांजलचा पाठ पहिलाच झाला. मी व्हरांड्यात उभी होते. आत एवढा गोंगाट की तिन्ही निरीक्षकांना लिहायलाही सुचत नव्हतं. ती पास झाली. दुसऱ्या वर्षाला गेली. राहते अजून माझ्याच घरी, कारण वसतिगृहात अजून जागा नाही. भांडी घासते, दूध तापवते, सगळं करते. पण मला घरातही 'मॅडम' म्हणते. मी एकदा म्हटलं, "अगं, मावशी म्हण की." ती म्हणाली, "हो, मॅडम."

हृषीकेश आला तो मुक्कामाला मित्राकडं उतरला. फोनवर एकच वाक्य बोलला होता, "आई, मला आधी सांगितलं असतंस तर?"

पाठाच्या दिवशी तो माझ्या समोरून वर्गात गेला. इस्त्रीचा शर्ट, फोटोतलाच. विषय तोच घेतला होता, चुंबक. बोलायला लागला आणि मला जाणवलं की झोयानं अगदी बरोबर वर्णन केलं होतं. वाक्याला वाक्य गुळगुळीत चिकटलेलं, मध्ये फट म्हणून नाही. मधेच तो फळ्याच्या वरच्या पट्टीकडं बघायचा. तिथले कॅमेरे काढून भोकं सिमेंटनं बुजवली होती.

झोयानं हात वर केला. "सर, समजलं न्हाई."

तो हसला आणि तेच वाक्य जरा मोठ्यानं म्हणाला.

श्लोकनं हात वर केला. मागच्या बाकावरच्या दोघींनी केला. मग दाराकडची अख्खी रांग. त्यांना खरंच समजलं नव्हतं, की आता पाळी करायची बंदी आहे म्हणून गंमत चालली होती, की तो परत यावा असं त्यांना प्रथमच वाटत होतं, ते मला सांगता येणार नाही. मी इतकी वर्षं निरीक्षण शिकवतेय, तरी नाही.

हृषीकेशनं दाराकडं बघितलं. मी तिथं होते. मी मान वळवली नाही, हसलेही नाही. त्यानं हातातला खडू टेबलावर ठेवला. वर्गात शांतता झाली आणि पहिल्यांदाच ती त्यानं भरून काढली नाही. पुढच्या बाकाशी येऊन तो वाकला.

"कुठपासून नाही समजलं?"

पोरांनी एकमेकांकडं बघितलं.

"पहिल्यापासून, सर," सगळा वर्ग म्हणाला.

हृषीकेशनं डस्टर उचललं आणि फळा पुसून टाकला.